चवीची सही

बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपच्या कँटीनमध्ये काकू तीस वर्षं मटण रांधत होत्या आणि त्यातला एक थेंब त्यांच्या जिभेला कधी लागला नव्हता. नव्या कामगाराला हे सांगितलं की तो हमखास हसायचा. मग जेवायला बसायचा आणि पहिल्या घासानंतर त्याचं हसू मावळायचं. काकूंचं सगळं काम नाकावर आणि हातावर चालायचं. कांदा कुठवर परतलाय ते त्यांना वासावरून कळे. मटण शिजलं की नाही ते पळी किती जड लागते त्यावरून. पण मिठाला वास नसतो. तिथं नाकाचं काही चालत नाही.

तेवढ्यासाठी नवरा होता. तो त्याच वर्कशॉपमध्ये वेल्डर. मटणाच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून तीनदा, साडेअकराच्या सुमाराला तो आपल्या शेडमधून निघायचा. शेड एका टोकाला, कँटीन दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सांगाडे उघडे पडलेल्या बसगाड्यांच्या रांगा. हातमोजे काखेत, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला, अशा थाटात तो मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. काकू वाटीत थोडा रस्सा ओतून द्यायच्या. तो फुंकर घालून भुरका मारायचा, उत्तर छताला चिकटवून ठेवल्यासारखं वर बघायचा, आणि म्हणायचा, “मीठ कमी आहे.”

“तुमची जीभच भाजलीय त्या ठिणग्यांनी,” काकू म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता मीठ टाकायच्या.

सुरुवातीला ते खरंच कमी पडायचं. पुढे काकूंच्या लक्षात आलं की मीठ बरोबर असलं तर हा माणूस नुसता “ठीक” म्हणून पाठ फिरवतो, आणि कमी असलं तर थांबतो. मीठ पडून, ढवळून, पुन्हा चाखेपर्यंत पाच मिनिटं सहज जातात. मग त्या चिमूटभर मीठ हातचं राखायला लागल्या. चिमटीची मूठ झाली, मुठीची वाटी झाली. शेवटी शेवटी तर ती भरलेली वाटी शेगडीच्या कठड्यावर राजरोस त्याची वाट बघत असायची. त्यालाही ती दिसायची. तरी दोघं ते नाटक इमानेइतबारे करायचे. एवढ्या वयाला हे चाळे शोभत नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर वाटो बापडं. दिवसभरात त्यांच्या वाट्याला ती पाच मिनिटं यायची आणि ती त्यांनी कुणाच्या खिशातून काढलेली नव्हती.

मग एका सकाळी तो कामावर निघताना बूट घालायला खाली वाकला, तो उठलाच नाही.

काकू पंधरा दिवसांनी कामावर आल्या. घरात बसून करायचं काय? मटणाचा दिवस होता. कांदा परतला, मटण टाकलं, पाणी घातलं, मीठ घातलं, मिठाची वाटी बाजूला राखली. साडेअकरा वाजले. काकूंनी दाराकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. शेजारच्या शेगडीवर भाज्यांची पातेली सांभाळणारी बाई होती. ती दिवसभर चिवचिव करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. काकू तिला म्हणाल्या, “जरा चाखून बघ गं.”

चिमणीनं रश्शाची वाटी घेतली. तिचे डोळे भरून आले. भुरका मारून ती म्हणाली, “फक्कड झालंय, काकू. अगदी नेहमीसारखं.”

आणि राखलेलं मीठ बरणीत परत गेलं. मीठ कमी आहे असं कुणी म्हटलं की मीठ टाकायचं, हे तीस वर्षांचं वळण. कुणी म्हटलंच नाही, तर टाकायचं कशाला? आता ‘अहो, पण थोडं डोकं चालवायला नको का?’ असं विचारणं सोपं आहे. त्या दिवसांत काकूंचं डोकं शेगडी वेळेवर बंद करण्यापुरतं चालत होतं, आणि तेवढं चालत होतं हेच पुष्कळ झालं.

असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत काकूंच्या रश्शाचं जेवढं कौतुक झालं तेवढं आधीच्या तीस वर्षांत झालं नव्हतं. पूर्वी फिटर लोक वाढपाच्या खिडकीशी येऊन भांडायचे, “काकू, माझ्या ताटात नुसती हाडंच? मी काय घोडं मारलंय तुमचं?” काकूही काही कमी नव्हत्या, त्या पळी उगारायच्या. आता तेच फिटर “एक नंबर झालंय, काकू,” असं पुटपुटून ताट घेऊन पुढं सरकायचे. रांग खिडकीपाशी आली की सगळ्यांचे आवाज खाली उतरायचे. कुणी मस्करी केली तर मागचा त्याला कोपरानं ढोसायचा. काकूंना हे फार जड जायचं. भांडणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. कीव करणाऱ्याला काय सुनावणार? त्या मुकाट वाढत राहायच्या. घरी बोलायला कुणी नव्हतं आणि इथं दोनशे माणसं असून बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

अशात वर्कशॉपमध्ये एक नवा ड्रायव्हर बदलून आला. दुरुस्त झालेली गाडी फिरवून बघायची, हे त्याचं काम. चाळिशीचा, धिप्पाड, आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यावा. त्याला कुणाचं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी तो ताट घेऊन बसला, एक घास खाल्ला, उठला. दाराशी तक्रारवही टांगलेली असते. नवा माणूस म्हणजे नियमाला धरून चालणारा. त्यानं तीत काहीतरी खरडलं आणि मग सरळ खिडकीशी आला.

“काकू, आज मीठ टाकायचं राहिलंय का?”

सगळं कँटीन चिडीचूप झालं. कुणीतरी मागून त्याचा शर्ट ओढला. आणि जवळच्याच टेबलावरचा रंगारी घाईघाईनं, दबक्या आवाजात म्हणाला, “अरे बस की खाली. माझ्याकडे पुडी आहे.”

दबका असला तरी त्या शांततेत तो आवाज आतपर्यंत गेला.

“कसली पुडी?” काकूंनी विचारलं.

रंगाऱ्याचा हात नकळत खिशावर गेला. काकू पळी ठेवून, पदराला हात पुसत बाहेर आल्या. जेवणाच्या वेळी त्या कधी बाहेर येत नसत. “दाखव,” त्या म्हणाल्या. रंगाऱ्यानं वर्तमानपत्राच्या कागदाची एक इवलीशी पुडी टेबलावर ठेवली. काकूंनी ती उलगडली. आत मीठ होतं.

“आणि तुझ्याकडे?” त्यांनी त्याच्या शेजारच्याला विचारलं. त्यानं ताटात मान घातली आणि खिशातून पुडी काढली. त्याच्या पलीकडच्यानं न विचारताच काढली. मग त्या टेबलावर, त्याच्या पलीकडच्या टेबलावर, एकेक पुडी बाहेर यायला लागली. तिथं टेबलावर मीठ ठेवत नसत, हवं असेल तर खिडकीशी येऊन मागायचं अशी पद्धत. आणि काकूंकडे मीठ मागायला एकाचाही धीर झाला नव्हता. चार महिने दोनशे माणसं खिशात मिठाच्या पुड्या घेऊन जेवायला येत होती, टेबलाखाली उलगडत होती, आणि वर “एक नंबर” म्हणत होती.

काकूंना आधी राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम.

“एकाही मेल्याला तोंड नव्हतं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, काकू,” रंगारी म्हणाला.

“आणि आता काय गुदगुल्या होताहेत मला?”

काकू आत गेल्या, बरणीतून वाटीभर मीठ काढलं, पातेल्यात ओतलं, खसाखसा ढवळलं, आणि खिडकीतून ओरडल्या, “ताटं आणा परत!” ताटं आली. ज्यांनी पुड्या आधीच सोडल्या होत्या त्यांना त्या दिवशी खारट जेवावं लागलं, आणि त्यांनी ते हूं की चूं न करता खाल्लं. चिमणी कोपऱ्यात नाक ओढत म्हणत होती, “पहिल्या दिवशी खोटं बोलले, काकू, आणि मग रोज तेच बोलावं लागलं. तुमच्या तोंडाकडे बघून खरं बोलवेना.” काकूंच्या मनात मात्र एक गोष्ट लख्ख झाली. आपल्याला खरं सांगणारा एकच माणूस होता आणि तो गेला. बाकीची सगळी माणसं चांगली होती, इतकी चांगली की त्यांच्यात आपण एकटे पडलो.

मिठाचं कोडं सुटलं होतं. उद्यापासून वाटी राखायची नाही, सगळं मीठ एकदम टाकायचं, विषय संपला. पण तक्रारवहीत अक्षरं उमटली होती, ‘मटण अळणी’, आणि खाली नीट वाचता येईल अशी सही. ती वही महिन्याच्या महिन्याला वरच्या कचेरीत जायची. एरवी तिच्यात ‘पंखा आवाज करतो’ यापलीकडे काही नसायचं. या वेळी वरच्या साहेबांना काम सापडलं. आठ दिवसांत एक कोरी, जाडजूड नोंदवही येऊन पडली. पदार्थ कोणता, चव कशी, वेळ काय, सही. सोबत फर्मान होतं, की प्रत्येक आचाऱ्यानं आपलं पातेलं वाढण्याआधी स्वतः चाखायचं आणि चाखल्याची सही करायची.

कँटीनचे मॅनेजर काही वाईट माणूस नव्हते. उलट, फार घाबरट होते. त्यांनी वही काकूंपुढे उघडली आणि पेन पुढं केलं. “ठोका सही आणि मोकळ्या व्हा, काकू. वर कोण बघायला बसलंय?”

“न चाखता?”

“दोन अक्षरं तर आहेत.”

“साहेब, तीस वर्षं मी न चाखता रांधलं,” काकू म्हणाल्या, “पण चाखलंय असं कधी म्हटलं नाही.”

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मग दोनच वाटा आहेत. चाखायला लागा, नाहीतर चिमणीशी अदलाबदल करा. ती मटण खाते. तुम्ही भाज्यांची पातेली घ्या. तुमचा पगार तोच, सगळं तेच. सोमवारपर्यंत सांगा मला.”

सगळं तेच म्हणे. भाज्या कुणीही करतं. पण कँटीनमधलं मटण म्हणजे काकू होत्या. दुसऱ्या वर्कशॉपमधून स्पेअर पार्ट घ्यायला आलेली माणसं जेवणाची वेळ साधून यायची ती त्या पातेल्यासाठी. नवरा गेल्यावर आपलं म्हणावं असं तेवढं एकच काहीतरी उरलं होतं. ते हातात ठेवायचं तर तोंडात घालायला हवं होतं.

शनिवारी तो ड्रायव्हर मागच्या दाराशी आला. एवढा मोठा माणूस, पण उंबऱ्यापाशी अंग चोरून उभा.

“काकू, चुकलंच माझं. तुमच्या घरचं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

त्यानं खरोखर विचार केला. “मीही पुडी आणली असती.”

“म्हणून म्हणते, नाही सांगितलं तेच बरं झालं,” काकू म्हणाल्या. “चार महिन्यांत तूच एकटा माझ्याशी माणसासारखं बोललास.”

त्याला जरा धीर आला. “पण काकू, तुम्ही का खात नाही?”

“पित्त उठतं अंगावर.”

हे उत्तर ड्रायव्हरसाठी होतं. चिमणीला त्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरनं मना केलंय. मॅनेजरांना, दातांनी चावत नाही. माणूस मटण खात नाही म्हटलं की लोकांना कारण हवं असतं, आणि काकूंकडे कारणांचा तुटवडा कधी नव्हता. खरं कारण मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या सात वर्षांच्या होत्या. घरात आठ माणसं, सगळी मटण खाणारी, एक त्यांचे वडील सोडून. वडील कुणाला उपदेश करत नसत, नाक मुरडत नसत. त्यांना फक्त ते नको असायचं. मटण शिजलं त्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात गलका करत जेवायचे आणि वडील आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. एके दिवशी ती सात वर्षांची मुलगी पाणी द्यायला बाहेर गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून भाजी-भात जेवत होते. आतून हसण्याचा आवाज येत होता. मुलगी आत आली, आपल्या ताटातलं मटण तिनं भावाच्या ताटात टाकलं, भाजी वाढून घेतली आणि बाहेर जाऊन वडिलांच्या शेजारी बसली. वडिलांनी ताट जरा सरकवून तिला जागा करून दिली. त्या दिवसापासून तिनं मटण खाल्लं नाही. एवढंच. त्यात ना दया होती, ना धर्म, ना पित्त. वडील एकटे जेवू नयेत म्हणून तिनं ते सोडलं होतं आणि वडील जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी ती त्यांच्या शेजारून उठली नव्हती.

रविवारी दुपारी काकू मटणाच्या दुकानात गेल्या. खाटीक ओळखीचा होता. “किती दिवसांनी, काकू! पाहुणे आलेत वाटतं?”

“हो,” काकू म्हणाल्या. “अर्धा किलो दे. चांगलं बघून दे.”

त्यांनी ठरवलं होतं, की पहिला घास खायचाच असेल तर तो दोनशे माणसांसमोर नाही खायचा. आणि नुसती सही करता यावी म्हणूनही नाही खायचा. मनात दुसरंच काहीतरी सलत होतं, आणि ते त्या वहीपेक्षा जुनं होतं.

लग्न झालं त्याच आठवड्यात नवऱ्यानं तोच प्रश्न विचारला होता, तू का खात नाहीस? नव्या नवऱ्याला कसं सांगायचं, की मी अजून वडिलांच्या शेजारी बसलेय? तोंडून निघून गेलं, “मला वास सहन होत नाही.” त्यानं आपलं स्टूल आणि छोटं टेबल उचललं आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली नेलं. काकू शेगडीपाशी भिंतीकडे तोंड करून जेवायच्या, तो खिडकीकडे तोंड करून. वर्षभरात काकू कँटीनमध्ये लागल्या आणि एका वेळी वीस-वीस किलो मटण रांधायला लागल्या, तेव्हा त्या वासाच्या गोष्टीचं पितळ पहिल्याच दिवशी उघडं पडलं. तो आठवडाभर हसत होता. पण स्टूल काही हललं नाही. काकूंनी एकदा म्हटलंसुद्धा, “या की इकडे, आता कसला वास?”

“इथं वारा येतो,” तो म्हणाला.

मग ते तसंच राहिलं. एकमेकांकडे पाठ करून दोघं तीस वर्षं जेवले. कधीकधी तो न वळताच म्हणायचा, “भात घे अजून. संपला तुझा.” काकू म्हणायच्या, “तुम्हाला काय पाठीला डोळे आहेत?” तो म्हणायचा, “वेल्डरला असतात.”

तो गेल्यापासून काकूंना ती पाठच दिसत राहिली होती. खिडकीकडे तोंड करून एकटाच जेवणारा माणूस. लहानपणी एकाला तसं बसलेलं बघवलं नाही, म्हणून आपण ताट घेऊन धावलो. आणि दुसऱ्याला आपल्याच घरात, आपल्याच खोट्यापायी, तीस वर्षं तसं बसवलं. एकदाही ताट उचलून त्याच्या शेजारी गेलो नाही. याला काय म्हणायचं? काकूंनी स्वतःला नाही नाही ते म्हणून घेतलं होतं. आता तो नाही, पण त्याची जागा आहे. त्याच्या जागी बसून, त्याचं जेवण एकदा जेवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

दिवेलागणीला मटण शिजलं. काकूंनी त्याच्या थाळीत वाढलं, दोन फोडी आणि रस्सा, बाजूला भात. थाळी खिडकीखालच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाहेर अंधार पडला होता, आत दिवा लागलेला. त्या स्टुलावर बसल्या. ते त्यांना जरा उंच होतं, पाय नीट टेकेनात. त्यांनी फोड तोडली, भातात कालवली, घास तोंडात घातला आणि चावला.

काहीच झालं नाही. मळमळलं नाही, घसा दाटला नाही, पाप केल्यासारखं वाटलं नाही. मीठ बरोबर होतं. मटण मटणासारखंच लागत असावं, पण कशाशी ताडून बघणार? कुणा परक्याच्या घरी, काय बोलावं न सुचून, वाढलेलं खात बसावं तसं त्यांना वाटलं. तो जवळ येईल, निदान त्याचं काहीतरी कळेल, अशी वेडी आशा होती. त्यांनी घास गिळला आणि मान वर केली.

समोर खिडकीच्या काचेत त्यांचाच चेहरा होता. आणि चेहऱ्याच्या मागे सगळं स्वयंपाकघर. शेगडी, शेगडीजवळचं टेबल, त्यापुढची त्यांची बसायची जागा. दिव्याचा उजेड बरोबर तिथंच पडत होता. टेबलावरच्या भांड्यात किती भात उरलाय तेसुद्धा काचेत स्वच्छ दिसत होतं.

वारा येतो म्हणे! रंग बसून ती खिडकी घट्ट झाली होती, तीस वर्षांत कधी उघडली नव्हती. तो बाहेर बघत नव्हता. तो बायकोला बघत जेवत होता. तीस वर्षं रोज संध्याकाळी त्या भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या आणि तो त्यांना समोर बसवून जेवत होता. एकटा नव्हताच तो, एक दिवससुद्धा.

त्यांना इतकं बरं वाटलं की त्या हसल्या. “लबाड माणूस,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. काचेतली बाईही हसली. मग तिच्या खांद्यावरून त्यांची नजर मागे गेली, शेगडीजवळच्या त्या जागेकडे. तिथं कुणी नव्हतं. कसं असणार? तिथं बसणारी इथं येऊन बसली होती. त्यांनी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मग त्या रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर रडल्या, नाक-डोळे पुसायचीही शुद्ध न ठेवता.

रडणं ओसरल्यावर भूक लागली. थाळीत फोड होती, पण तिच्याकडे हात गेला नाही. किळस नव्हती, फक्त तो हात जाईना. काकूंनी मटण झाकून ठेवलं, शेगडीपाशी आपल्या जागी आल्या आणि सकाळची कोबीची भाजी भाताबरोबर खाल्ली.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला कँटीनमध्ये आल्या. मॅनेजर वही घेऊन वाटच बघत होते. काकूंनी मोठी पळी उचलली आणि चिमणीच्या हातात दिली.

“सगळं मीठ एकदम टाकायचं,” त्या म्हणाल्या. “आणि कुणी काही म्हटलं तर ऐकायचं, रडत बसायचं नाही.”

चिमणीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मॅनेजर हळहळले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “काकू, एवढं टोक कशाला गाठायचं? एकदा खाऊन तरी बघायचं होतं.”

“खाल्लं की काल.”

“तुम्ही?” मॅनेजरांनी वही छातीशी धरली. “मग? घशाखाली उतरलं नाही?”

“उतरलं. वाईट नव्हतं.”

“अहो, मग अडलं कुठं?”

काकूंनी कोबीची टोपली पुढं ओढली आणि विळी मांडली. उत्तर द्यावं की नेहमीसारखं दातांचं सांगावं, असा त्यांनी क्षणभर विचार केला असावा.

“साहेब, मी हे सोडलं ते बाबांना जेवताना सोबत म्हणून. काल धरायला गेले ते ह्यांना सोबत म्हणून. पण दोघंही कधीचे जेवून उठलेत.” त्यांनी कोबीचा गड्डा विळीवर धरला. “आता एकटीनंच जेवायचंय ना, मग माझं मी माझंच जेवते.”

मॅनेजरांनी वहीत काकूंच्या नावापुढचं मटण खोडलं आणि तिथं भाजी लिहिलं.